सेकंदाला दहा अक्षरं

एका हिवाळ्यात आमच्या घरातली माणसं हनुवटीखाली तळहात धरून बोलत असत. मी, माझी धाकटी बहीण आणि आम्ही दोघांनी बळेच ओढलेली आमची आई. आई चुलीपुढे बसून एका हाताने भात ढवळायची आणि दुसरा हात हनुवटीखाली धरायची. शेजारणीने एकदा कुंपणावरून हे पाहिलं आणि विचारलं, "काय गो, सगळ्यांची एकदमच दाढ दुखाक लागली?"

आई म्हणाली, "दाढ नाय गो, शिक्षण दुखता. दोघांय कॉलेजात गेली मां."

आम्ही अक्षरं मोजत होतो. माणूस एका सेकंदात किती अक्षरं बोलू शकतो हे आम्हाला काढायचं होतं, आणि त्यातही माझी बहीण किती बोलू शकते, हे. कारण तिला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रॅप करायचं होतं. आमच्या तारकर्लीत तोवर हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. आईला वाटलं, तो कसला तरी नाच असावा. नाच नाही, गाणं आहे पण गायचं नाही, भरभर बोलायचं, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मगे तां ती जल्माक इल्यापासून करता."

हे खरंच होतं. माझी बहीण लहानपणापासून फार भरभर बोलायची. शाळेतून आली की दारातून चुलीपर्यंत येईतो सगळी शाळा सांगून व्हायची. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची, तिथे तीसुद्धा काही सावकाश बोलत नसे, पण घरी मात्र बहिणीला सारखी म्हणायची, "तुझ्या जिभेक हाड नाय, इंजिन आसा. पाण्यात सोडली तर आधी जीभ मालवणाक पोचात, मगे होडी." घरात आम्ही हसायचो. बाहेर मात्र तिला त्याचा त्रास होई. शाळेत ती वक्तृत्व स्पर्धेत तीनदा उतरली. पहिल्या वेळी परीक्षकांनी सांगितलं, भाषण चांगलं, पण वेग कमी करावा. दुसऱ्या वेळी सांगितलं, वेग कमी करावा. तिसऱ्या वेळी परीक्षक नुसतेच हाताने खाली-खाली करत राहिले, जशी एखादी गाडी थांबवतात.

ती अकरावीला मालवणच्या कॉलेजात आली आणि तिथे माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ती बोलेनाशी झाली. वर्गात हात वर करायची नाही. मैत्रिणींच्या घोळक्यात नुसती मान हलवायची. पुढे मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आणि ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना एकदा मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "बोललंय तर 'परत सांग' म्हणतत. परत सांगलंय तर 'सावकाश' म्हणतत. त्यापरास गप रवलेला बरां."

आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजात पाऊल टाकताना मीही बिचकायचो, पण मी गप्प बसलो तरी माझं काही बिघडत नव्हतं, मी मुळातच गप्प. तिने गप्प बसणं म्हणजे समुद्राने गप्प बसण्यासारखं होतं.

त्या दिवाळीला आमचा आतेभाऊ आला. तो दोडामार्गचा, रोज गोव्यात एका हॉटेलात कामाला जायचा. तिथल्या कुणा पाहुण्याकडच्या सीडीवरून त्याने एक कॅसेट भरून आणली होती. आमच्या टेपरेकॉर्डरवर ती लावली आणि एक परदेशी माणूस बोलायला लागला. बोलत होता की काय करत होता कोण जाणे. गरम तेलात मोहरी टाकल्यासारखं ते ऐकू येत होतं. आतेभाऊ हसत सुटला. मी हसलो. बहीण हसली नाही. ती टेपरेकॉर्डरच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. गाणं संपल्यावर तिने फार गंभीरपणे विचारलं, "दादा, ह्याका कोण सावकाश बोल म्हणणत नाय?"

"म्हणतीत कित्याक?" आतेभाऊ म्हणाला. "लोक तिकीट काडून ऐकतत त्येका."

तिने कॅसेट मागे घेतली आणि परत लावली. संध्याकाळपर्यंत ती आठ-दहा वेळा तरी लागली. आतेभाऊ कॅसेट ठेवूनच गेला, कारण तिच्या हातातून काढून घ्यायची त्याची हिंमत झाली नाही.

आता प्रश्न आला की हा माणूस नक्की किती वेगाने बोलतो. ती म्हणे, माझ्यापेक्षा जास्त नाही. मी म्हणे, कितीतरी जास्त. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून वाद मिटवायची जबाबदारी माझी. प्रयोगशाळेतल्या मॅडमकडे मी स्टॉपवॉच मागितलं. त्यांनी कशाला हवं असं विचारलं, मी बोलण्याचा वेग मोजायला असं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि दिलं. "समुद्रात पाडू नका," एवढंच म्हणाल्या. लंबकाचे झोके मोजून कंटाळलेलं ते जुनं काळं स्टॉपवॉच मी रुमालात गुंडाळून घरी नेलं. आजही मला त्या मॅडमचे आभार मानावेसे वाटतात. एका कोळ्याच्या मुलावर त्यांनी सरकारी वस्तू सोपवली आणि कारणही हसण्यावारी नेलं नाही.

वेळ मोजणं सोपं होतं. अक्षरं मोजणं अशक्य होतं. परदेशी भाषेतले शब्द कळत नाहीत, आणि कळले तरी बोटं दुमडेपर्यंत तो पुढच्या ओळीत गेलेला. मग एक दिवस दुपारी वीज गेली, बहिणीने टेपमध्ये जुने सेल घातले, आणि तो परदेशी माणूस हळू झाला. त्याचा आवाज म्हशीसारखा झाला. आम्ही दोघं आधी पोट धरून हसलो आणि मग एकमेकांकडे बघितलं. हेच तर हवं होतं! दमलेल्या सेलवर त्याचं एकेक अक्षर वेगळं ऐकू येत होतं. तेव्हापासून आमच्याकडे सेलचे दोन गट झाले. ताजे सेल वेळ मोजायला, दमलेले सेल अक्षरं मोजायला. दमलेले फारच दमले की त्यांना अंगणात सुकटीशेजारी उन्हात ठेवायचं, म्हणजे त्यांना थोडी धुगधुगी यायची. आई सुकट उलटताना सेलही उलटायची.

त्या म्हशीच्या आवाजाने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. तो माणूस एकही अक्षर गिळत नव्हता. इतक्या वेगात, पण हळू करून ऐकलं की प्रत्येक अक्षर डोक्यापासून शेपटीपर्यंत शाबूत. मग आम्ही बहिणीचा आवाज ताज्या सेलवर भरला आणि दमलेल्या सेलवर ऐकला. तिचा चेहरा उतरला. ती शब्दांच्या शेपट्या खात होती. "माका" मधला "का" अर्धाच. "आसा" मधला "सा" नुसता वारा. तिने तो तुकडा पुन्हा लावून ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे परीक्षक अगदीच खोटा सांगी नाय होते." आणि लगेच, "पण ते वेग कमी कर म्हणी होते. शेपटी खाव नको म्हणून कोणी सांगलेला नाय." त्या दिवसापासून ती वेग न सोडता शेपट्या सांभाळायला शिकू लागली. दोरीवरून चालणारा जसा काठी धरतो तसं.

अक्षरांचा आमचा पहिला हिशोबही चुकलेला निघाला. मी कागदावर लिहून मोजायचो. "घर" ची दोन. बहीण म्हणाली, घर म्हणताना तोंड एकदाच उघडतं, मग दोन कशी? मी म्हटलं, पुस्तकात दोन. ती म्हणाली, पुस्तक कधी भरभर बोलतं काय? तिचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी ठरलं की हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितकी अक्षरं, कागदाचं काही ऐकायचं नाही. म्हणून ते हनुवटीखालचे हात. या मापाने रेडिओवरच्या बातम्या सेकंदाला पाच भरल्या. आईला आम्ही बाजारात जाऊन मोजलं. गिऱ्हाईक सुरमईला नाक मुरडत होतं आणि आई सुरमईची बाजू मांडत होती, तेव्हा ती आठाला पोचली, तेही हनुवटीखाली हात न धरता, कारण हातात कोयता होता. परदेशी माणूस दहाच्या वर. बहीण साडेआठ, कधी नऊ.

"दहा!" ती म्हणाली. "दहा होवकच व्हयी. आणि प्रत्येक शब्द कळाक व्हयो."

तिने स्वतःचं रॅप लिहिलं, मालवणीत. विषय सकाळची तारकर्ली-मालवण एसटी. तिच्यात माशांच्या पाट्या, कॉलेजची मुलं, मास्तर आणि सगळ्यांना पुढे ढकलणारा कंडक्टर. पहिला तुकडा असा होता:

पाटी सरक गो, पाय काड गो, पिशी धर गो, सर गो सर,
बांगडो बसलो सीटार आणि मास्तर लोंबता दारार,
कंडक्टर म्हणता पुढे सरा, पुढे सरा, पुढे सरा,
पुढे डायवर, त्येच्या पुढे काच, आता सरूचा खंय, सांगा जरा!

हनुवटीच्या हिशोबाने पासष्ट अक्षरं. "प" ने सुरुवात तिने मुद्दाम केली होती. ओठ फुटताना टाळी वाजल्यासारखं होतं, म्हणायची. वेग नुसता असून चालत नाही, तो ऐकणाऱ्याच्या कानावर वाजला पाहिजे. ती असं बोलायला लागली की मला वाटायचं, हिने भौतिकशास्त्र घ्यायला हवं होतं.

गॅदरिंगचे कार्यक्रम निवडणारे सर घाटावरचे होते, मराठी शिकवायचे. माणूस सज्जन. मी पहिल्या वर्षाला असताना त्यांनी स्वतःची पुस्तकं मला वर्षभर वापरायला दिली होती. बहिणीने त्यांच्यापुढे म्हणून दाखवलं. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी हात वर केला, पुन्हा तीच गाडी थांबवायची खूण.

"थांबा, थांबा. मला यातलं अक्षर कळलं नाही."

"सर, मालवणीत आहे," मी म्हटलं.

"मालवणी मला थोडी कळते. हे मालवणीच्या पुढचं आहे." मग बहिणीचा चेहरा बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघ बाळ, मी तुला तीन मिनिटं देतो. पण लोकांना कळत नाहीये असं दिसलं, हुल्लड सुरू झाली, की मी माईक बंद करीन. रागावू नकोस. भरल्या सभागृहात एका मुलीची थट्टा झालेली मला बघवणार नाही."

परत येताना घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "दादा, माईक बंद झालो तर मी परत कधी तोंड उघडूचंय नाय. खरा सांगतंय." आणि मला माहीत होतं, ती खरं सांगत होती.

तयारीत एकच अडचण उरली होती, श्वास. शेपट्या आता शाबूत होत्या, शब्द वाजत होते, पण दोन तुकड्यांच्या मधे ती पाण्यातून वर आल्यासारखी धापा टाकायची. तो वेळ मोजला की दहाचे साडेआठ व्हायचे. न मोजावा तर ती म्हणायची, ही चिटिंग.

मग काका आले. वडिलांचे चुलतभाऊ, आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने एकाने देवाशी बोलायचं. या वर्षी मासळी मिळू दे, पोराबाळांना सुखी ठेव, वाटेतली इडापीडा टळू दे, असं एका दमात सांगायचं, आणि प्रत्येक मागणं संपलं की जमलेल्यांनी हात जोडून एकसुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आमच्याकडे मूल बोलायला लागलं की आई-बाबांच्या पाठोपाठ बहुतेक हेच शिकतं. काकांना आपल्या छातीचा भारी अभिमान. अंगणात हा सगळा प्रकार बघून ते म्हणाले, "ह्या गावात माझ्याएवढी छाती कोणाची नाय. तुमच्या त्या कॅसेटवाल्याक घेवन येवा हयसर, बघूया."

"तो येवक नाय काका, त्येच्या जागेर मी," बहीण म्हणाली.

लागली शर्यत! आई पंच. मी स्टॉपवॉच घेऊन पायरीवर. शेजारीण कुंपणावर. आई म्हणाली, "भावजी, आधी पान थुकून येवा. माझा अंगण आत्ता सारवलाय." काका माडाच्या बुंध्यापाशी जाऊन तोंड मोकळं करून आले, धोतराचा सोगा खोचला, डोळे मिटले आणि सुरू झाले. काय तो आवाज! मागच्या झावळांत बसलेले कावळे उडाले. पहिलं मागणं संपलं आणि आम्ही सगळे, आई, मी, बहीण, कुंपणावरची शेजारीण, हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणालो. शर्यत आहे हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मोजलं तर काका साडेसातच्या आसपास. बहीण नऊ. पण काकांनी पाचव्या मागण्यानंतरही धाप टाकली नव्हती आणि बहीण दुसऱ्या तुकड्यालाच अंगणात बसली.

"तू हरलंस नाय, पण जिंकलंस पण नाय," काका खुशीत म्हणाले. "चेडवा, तू बोलतंस बरां, पण थांबणस नाय. गाराणां घालतलो तो श्वास घेणा नाय. श्वास लोक देतत. ते 'व्हय म्हाराजा' म्हणतत, तेवढ्यात आपण छाती भरून घेवची. तो श्वास लोकांचो. तो तुझ्या हिशोबात धरू नको."

"पण माझ्या गाण्यात लोक खंय आसत काका?"

"लोक नसले तरी जागा ठेव," काका म्हणाले आणि नवीन पान जमवायला लागले.

तिने जागा ठेवली. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आवाज खाली उतरवून ठेवायचा, जसा काका ठेवायचे, आणि एका "व्हय म्हाराजा" एवढं थांबायचं. मनातल्या मनात ती ते म्हणायची, म्हणजे श्वास बरोबर पुरायचा. आता धाप लागत नव्हती. आणि गंमत म्हणजे त्या थांबण्यामुळे वेग जास्त वाटायला लागला. एसटी थांब्यावर थांबली की ती किती जोरात चालली होती ते कळतं, तसं.

गॅदरिंग दिवसाचं असायचं, कारण मुलींना शेवटच्या एसटीच्या आधी घरी पोचायचं असे. आई बाजार आटोपून आली. रिकामी पाटी तिने सभागृहाच्या पायरीशी उपडी ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यात मागच्या ओळीत कडेला बसली. कॉलेजच्या आत ती पहिल्यांदाच येत होती. मी तिला पुढे बोलावलं तर म्हणाली, "नको, माशाचो वास येता." मी तिसऱ्या ओळीत, हातात स्टॉपवॉच. सर स्टेजच्या बाजूला, माईकचं बटण असलेल्या डब्यापाशी, शेजारी सूत्रसंचालनाचा दुसरा माईक.

समूहनृत्य संपलं. बहीण आली. मागे वाजवायला कोणी नव्हतं, लाकडी फळ्यांवर चप्पल आपटून ती स्वतःच ताल धरणार होती. टप, टप, टप, टप. मागून कोणीतरी ओरडलं, "गो, विंचू चढलो काय?" हशा पिकला. सरांचा हात डब्याकडे गेलेला मी पाहिला. बहिणीने डोळे मिटले, काकांसारखे, आणि सुटली.

पाटी सरक गो, पाय काड गो...

मी बटण दाबलं होतं. चार ओळी कशा गेल्या मला सांगता येणार नाही. मोठ्या लाटेच्या पोटातून होडी जाताना श्वास अडकतो तसं झालं. "सांगा जरा!" म्हणून तिचा आवाज खाली उतरला, थांबला, आणि सभागृहाच्या मागच्या निम्म्यातून, जिथे आमच्या किनाऱ्यावरची मुलं आणि त्यांचे आईबाप बसले होते, एकदम आवाज आला:

"व्हय म्हाराजा!"

कोणी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं, बस. जन्मभराची सवय. एका माणसाने भरभर बोलून आवाज खाली ठेवला की आमच्याकडच्या माणसाचे हात आपोआप जुळतात. माझेही जुळले होते.

बहीण दचकली. तिने डोळे उघडले. ही जागा ती इतके दिवस मनातल्या मनात भरत होती आणि आता ती खरोखरची भरली होती, तर तिला पुढची ओळच आठवेना. चप्पल थांबली. ज्यांनी म्हटलं होतं तेही ओशाळून हसायला लागले, हसू पसरलं. सरांनी ओठ घट्ट मिटले आणि ते डब्याकडे वळले.

मी उठून धावलो. पाय तुडवत, माफी मागत. "सर, नको! बंद करू नका!"

"अरे, ही हुल्लड आहे. बिचारीची काय अवस्था झालीय बघ."

"हुल्लड नाही सर. त्यांना कळलं. मागणं कुठे संपलं हे कळल्याशिवाय व्हय म्हाराजा म्हणताच येत नाही. एवढी माणसं एकदम कशी म्हणाली?"

सर माझ्याकडे बघत राहिले. बोट बटणावर. आणि तेवढ्यात स्टेजवर पुन्हा चप्पल वाजली. बहीण मागच्या ओळीकडे बघत होती. तिथे आई अजून हात जोडूनच बसली होती, सोडायचे विसरून. बहीण हसली. मग तिने जो दुसरा तुकडा सोडला! कंडक्टरची सुट्या पैशांवरून चाललेली भांडणं, मास्तरांच्या धोतरावर सांडलेलं माशाचं पाणी, खिडकीतून आत घुसणारी शाळेची दप्तरं. मधे लोक हसत होते, आणि जिथे हसायचं तिथेच हसत होते. आवाज खाली उतरला. या वेळी अख्खं सभागृह:

"व्हय म्हाराजा!!"

छताचे पत्रे वाजले असतील. ती श्वास घेत होती, छाती भरून, सगळ्या सभागृहाने दिलेला. पुन्हा सुटली. सरांनी बटणावरचं बोट काढलं. मान थोडी तिरकी करून ते ऐकायला लागले, जसं वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर ऐकायचे. तिसरा तुकडा. "व्हय म्हाराजा!" त्यांचा पाय चपलेबरोबर हलायला लागला होता. चौथा तुकडा. "व्हय म्हाराजा!" आणि सगळे म्हणून गप्प झाल्यावर, त्या शांततेत, सरांचा एकट्याचा, शुद्ध घाटी उच्चारातला, सावकाश आवाज डब्याशेजारच्या दुसऱ्या माईकमधून सगळीकडे घुमला:

"व्हय... म्हाराजा."

मग स्टेजवरून माझी बहीण, जी अडीच वर्षं वर्गात एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "सर, जरा वेग वाढवा!"

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक बाकांवर उभे राहिले होते. सर रुमालात तोंड घालून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उरलेले दोन तुकडे तिने म्हटले की सभागृहाने म्हटले कोण जाणे. मी मात्र त्या गर्दीत ओरडत होतो आणि काय ओरडत होतो ते मलाच ऐकू येत नव्हतं.

बाहेर आल्यावर आईने पाटी उचलली आणि बहिणीने पहिलं काय विचारलं असेल? "दादा, किती भरला?"

मी खिशातून स्टॉपवॉच काढलं. ते बंद होतं. सहा सेकंद आणि वर चार दशांश. पूर्ण गाणं जवळजवळ मिनिटभराचं! मग मला उमगलं. पहिल्या "व्हय म्हाराजा" ला मी हात जोडले होते, आणि स्टॉपवॉच दोन तळहातांच्या मधे होतं.

"फुकट गेला," मी म्हटलं. "फक्त पहिलोच तुकडो मोजलो गेलो."

"फुकट कसा? पासष्ट भागिले सहा पूर्णांक चार!" ती रस्त्यातच उभी राहून भागाकार करायला लागली. ती कला शाखेची, पण तो भागाकार तिने माझ्या आधी केला. "दहा! दादा, दहाच्या वर!"

"श्वास धरलेलो नाय त्यात."

"तो लोकांचो!" ती ओरडली. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले आणि ती पाटीभोवती गोल गोल नाचायला लागली. आई म्हणाली, "शिरा पडली तुझ्या तोंडार, पाटी पडात माझी," आणि शिवी देऊन स्वतःच हसत सुटली.

परतीची एसटी नेहमीसारखी खचाखच भरली होती. पाट्या, दप्तरं, मधल्या वाटेत उभी माणसं. कंडक्टर दारातून ओरडत होता, "पुढे सरा, पुढे सरा." बातमी आमच्या आधीच गाडीत चढली होती. बाजारातल्या बायका आईला विचारत होत्या, तुझ्या चेडवान काय केल्यान म्हणे? आईने ऐटीत पदर सावरला. मग तिने बहिणीला कोपराने ढोसलं.

"म्हण गो परत. ह्यांका ऐकव."

बहिणीने गाडीभर नजर टाकली. म्हाताऱ्या बायका, दमलेली माणसं. तिने आईला हळूच विचारलं, "सावकाश म्हणू?"

"सावकाश कित्याक?" आई म्हणाली. "होता तसाच म्हण."

तिने वरचा दांडा धरला, चप्पल आपटली, आणि म्हटलं. पाटी, पाय, पिशी, बांगडा, मास्तर, कंडक्टर, काच, सगळं एका दमात. "आता सरूचा खंय, सांगा जरा!" आणि आवाज खाली ठेवून ती श्वासासाठी थांबली.

बायका तोंड उघडणार, एवढ्यात दारातून कंडक्टर म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि त्याने घंटेची दोरी दोनदा ओढली.